वर्गातला टॅबलेट आणि आजीचा वाल



वर्धापनदिनी शाळेतल्या टॅबलेटविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी अकोले तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. यंत्रांची जाणकार नव्हे. तेव्हा मी काय करून पाहिले आणि कुठे फसले, एवढेच सांगते.

टॅबलेट आले तेव्हा मला वाटले, रंगीत स्लाइड्स करून दाखवल्या की धडा शिकवून झाला. रात्र जागून कॅन्व्हा या ॲपवर 'बियांना मोड कसे येतात' हा पाठ सजवला. सकाळी उघडू जाते, तो रेंजचा पत्ता नाही! त्या ॲपचे बहुतेक काम इंटरनेटवर चालते, हे तेव्हा कळले. मुले माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या दिवशी खडूनेच माझी लाज राखली.

मग शहाणी झाले. गूगल स्लाइड्समध्ये फाइल आधीच 'ऑफलाइन' करून ठेवली, तर रेंज नसतानाही उघडते आणि तीत फेरफारही करता येतात. पॉवरपॉइंटची फाइल टॅबलेटमध्येच साठवता येते, आणि साधारण दहा इंचांपर्यंतच्या पडद्यावर साधे काम विनामूल्य होते. आमच्या डोंगराळ भागात ही दोनच सोयीची वाटली.

पुढे तोच पाठ घेतला. पडद्यावर मी कुठूनसे घेतलेले वालाचे चित्र होते. कधी न बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझ्या आजीचा वाल असा नसतो." मी टॅबलेट तिच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी तिने आजीच्या गाडग्यातल्या बियांचे फोटो काढले, राखेत बी का ठेवतात ते आजीला विचारले आणि चार स्लाइड्स केल्या. आजी शाळेत आली. तिला अक्षरओळख नाही. पण नातीने मोठ्याने वाचून दाखवताच तिने दोन चुका सांगितल्या. त्या आम्ही तिथेच दुरुस्त केल्या.

आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. तसले ज्ञान घरोघरी आहे. ते वर्गापर्यंत येत नाही, इतकेच.

मंडळाच्या निधीतून आणखी टॅबलेट द्यावेत, अशी सूचना आहे. आपला लोभ मोठा. पण आहेत तेच फुटतील या भीतीने कपाटात राहतात. तेव्हा माझे मागणे निराळे आहे. महिन्यातून एक शनिवार आपल्यातील दोघीजणींनी शाळेत यावे, मुलांजवळ बसावे आणि आपल्याला ठाऊक आहे ते त्यांना सांगावे. लिहायचे, फोटो काढायचे काम मुले करतील. चुकले तर ती आजीप्रमाणे आपणही दुरुस्त करावे.

पहिल्या शनिवारी कोण येणार, तेवढे आज जाण्यापूर्वी सांगून जा.