ताराबाईंचा प्रश्न आणि मोबाइलमधील बाई

(खामगाव येथील व्याख्यानाचा संक्षेप)



खामगावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर संध्याकाळी चारदोन तरुण मोबाइलवर नेमबाजीचा खेळ खेळताना दिसतात. वडीलधारी मंडळी ‘वेळेचा अपव्यय’ असा शेरा मारून मोकळी होतात. त्या खेळांत बाई कोणत्या रूपात वावरते, हे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्याच्याच एका स्त्रीने मराठीत प्रथम खणखणीतपणे विचारला होता.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आगपाखड सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून १८८२ मध्ये पुण्यात छापून घेतले. ही केवळ विधवांची कैफियत नव्हती. तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रेही त्यांनी झडझडून तपासली. पुरुषाने आपले दुर्गुण बाईच्या माथी मारायचे आणि त्यालाच स्त्रीस्वभाव म्हणायचे, ही लबाडी त्यांनी उघडी पाडली.

त्यानंतर शतकभराने, १९८१ साली, जपानमध्ये ‘डाँकी काँग’ हा खेळ निघाला. त्यात एका दांडग्या वानराने एक स्त्री पळवलेली असते. प्रारंभी तिला धड नावही नव्हते, नुसती ‘लेडी’. ती नायकाचे बक्षीस! १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. हाती पिस्तुले आली खरी, पण जाहिरातींत मिरवले गेले ते तिचे शरीर.

उत्पादक म्हणतात, मुलगेच गिऱ्हाईक, म्हणून माल त्यांच्या आवडीचा. परंतु मागणी आकाशातून पडत नाही, हे कापूस बाजारात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला अर्थशास्त्राने शिकवावे लागत नाही. मुलींना दूर ठेवणारा माल काढायचा आणि मग मुली घेत नाहीत म्हणून तसाच पुन्हा काढायचा, असे हे चक्र आहे. आजचे अनेक खेळ तर फुकट मिळतात. कमाई होते ती पात्रांचे पोशाख विकून. बाईची सजावट हा तेथे रोकड व्यवहार आहे.

याविरुद्ध बोलणाऱ्याची गत काय होते? अनिता सार्कीशियन यांनी २०१३ पासून खेळांतील स्त्रीचित्रणाची चिकित्सा करणारी चित्रफीतमाला प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये श्रोत्यांवर गोळीबार करण्याची धमकी आल्यामुळे त्यांना अमेरिकेतील युटा राज्यातील विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले. ताराबाईंवरही टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही, आणि पहिलेही १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रित करेपर्यंत विस्मृतीतच होते.

दुसरा मार्ग नाही असे नव्हे. २०२० साली पुण्याच्या एका संस्थेने ‘राजी’ हा खेळ काढला. कलादिग्दर्शिका श्रुती घोष या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. येथे पळवला जातो भाऊ आणि त्याला सोडवायला निघते सर्कशीतील मुलगी. शस्त्रे तिला देवतांकडून मिळतात, हे थोडे खटकते. आपल्याकडे बाईला पराक्रम करायचा तर देवीचा आधार लागतोच! पण चित्र उलटले, हे खरे.

खेळणाऱ्या मुलीपुढे मात्र आणखी एक अडचण असते. तिचा आवाज ऐकू आला की शिव्या सुरू होतात, म्हणून पुष्कळ मुली माइक बंद ठेवून, पुरुषी नाव घेऊन खेळतात. तक्रार करायची तर पडद्यावरील एक खूण दाबायची, आणि कंपनीचे मुख्यालय असते सिंगापूरला किंवा कोरियात.