तापमान आणि तापमानातील अंतर



भांड्यातील पाणी २५ अंश सेल्सिअसपासून ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर त्याचे तापमान किती केल्व्हिनने वाढले? उच्च प्राथमिक वर्गात हा प्रश्न विचारला असता, ज्याने सूत्र तोंडपाठ केले आहे असा विद्यार्थी १० मध्ये २७३ मिळवून २८३ असे उत्तर देतो. ज्याने थोडा विचार केला आहे तो नुसते १० लिहितो. तपासणाऱ्याच्या मनातही सूत्रच घर करून बसले असेल, तर विचार करणाऱ्या मुलाच्या उत्तरावर फुली पडते. अशी एक फुली त्या मुलास पुढे विचार न करण्याचे शिक्षण देते. म्हणून हा विषय लहान असला, तरी उपेक्षणीय नाही.

या दोन मापनांचे मूळ प्रथम ध्यानी घ्यावे. स्वीडनमधील ज्योतिर्विद अँडर्स सेल्सिअस याने १७४२ साली पाण्याचा गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदू यांच्यामध्ये शंभर समान भाग कल्पिले. मौज अशी की, त्याच्या मूळ मापनात उकळत्या पाण्यास ० आणि गोठणाऱ्या पाण्यास १०० हे अंक होते. ते पुढे उलट करण्यात आले. १८४८ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. ज्याहून अधिक थंडी संभवत नाही, तेथून या मापनाचे शून्य सुरू होते. ते शून्य सेल्सिअस मापनावर उणे २७३.१५ अंशांवर येते. मात्र एका भागाचा आकार दोन्ही मापनांत एकच ठेवलेला आहे. आरंभस्थान तेवढे निराळे आहे. १९६७-६८ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेपासून केल्व्हिनपूर्वी ‘अंश’ हा शब्द लावीत नाहीत, हेही मुलांस सांगावे.

आता वरील उदाहरण पाहू. २५ अंश सेल्सिअस म्हणजे २९८.१५ केल्व्हिन आणि ३५ अंश सेल्सिअस म्हणजे ३०८.१५ केल्व्हिन. यांची वजाबाकी १० येते. दोन्ही संख्यांत २७३.१५ मिळविलेले असल्यामुळे वजाबाकीत ते आपोआप नाहीसे होते.

हे तत्त्व खेड्यातील मुलास अपरिचित नाही. विहिरीतील पाण्याची खोली कोणी कठड्यापासून मोजतो, कोणी जमिनीपासून. दोघांचे आकडे भिन्न येतील. परंतु उन्हाळ्यात पाणी किती हात खाली गेले, याविषयी दोघांचे एकमत होईल. कालगणनेचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा शके १८६९ चालू होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा शके १८८२ होते. इसवी सनाने मोजा वा शकाने, मधले अंतर तेरा वर्षांचेच भरते. त्या तेरांत कोणी ७८ मिळवीत नाही.

फॅरनहाइट मापनाविषयी मात्र सावध राहावे. तेथे आरंभस्थान निराळे आहे आणि भागाचा आकारही निराळा आहे. सेल्सिअसमधील १ अंशाचे अंतर म्हणजे फॅरनहाइटमधील १.८ अंशांचे अंतर. म्हणून अंतर बदलताना १.८ ने गुणावे; ३२ मिळवू नयेत.

व्यवहारात याचे महत्त्व किती आहे, हे उन्हाळ्यात कळते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस वा अधिक असून ते नेहमीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वाढलेले असल्यास भारतीय हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. यांतील ४० हे तापमान आहे, ४.५ हे अंतर आहे. ४.५ ची वाढ केल्व्हिनमध्येही ४.५ आणि फॅरनहाइटमध्ये ८.१ होय. संपूर्ण सूत्र लावणारा हीच वाढ २७७.६५ केल्व्हिन किंवा ४०.१ फॅरनहाइट सांगेल. अशा वाढीत सृष्टीच उरणार नाही, हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. मुलांनी कोणत्या वेळी मैदानावर असावे, हे ज्या आकड्यांवरून ठरवावयाचे, ते शिक्षकास अचूक वाचता आलेच पाहिजेत.

याची दुसरी बाजूही आहे. गुणोत्तर काढताना आरंभस्थानास महत्त्व येते. २० अंश सेल्सिअसचे पाणी १० अंशांच्या पाण्याच्या दुप्पट तापलेले नसते. केल्व्हिनमध्ये ते २९३.१५ आणि २८३.१५ असे जवळजवळ समानच आहे.

वर्गात जाड कागदाची एक पट्टी घ्यावी. तिच्या डाव्या कडेस ०, १०, २० असे सेल्सिअस आणि उजव्या कडेस त्याच खुणांपुढे २७३, २८३, २९३ असे केल्व्हिनचे स्थूल अंक लिहावेत. मुलांनी दोन खुणांमधील घरे बोटाने मोजावीत. दोन्ही कडांना घरे तितकीच भरतात, हे त्यांस स्वतःच दिसेल. त्यानंतर प्रत्येक उदाहरणापूर्वी एकच प्रश्न विचारावा : दिलेला आकडा पट्टीवरील खूण आहे, की दोन खुणांमधील अंतर? हा प्रश्न विचारण्याची सवय जडली, म्हणजे सूत्र विसरले तरी उत्तर चुकणार नाही.