मानसशास्त्र घेऊन काय करायचं?



बारावीचा निकाल लागला, की आपल्या वाशीम जिल्ह्यात घरोघर एकच विषय निघतो : पोरानं आता काय घ्यावं? मागे रिसोडच्या एस.टी. स्टँडवर एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हणाले, "गुरुजी, पोरगी म्हणते मले मानसशास्त्र घ्याचं हाय, त्यातच ऑनर्स करतो म्हणते. हे येड्यायचं शास्त्र शिकून तिले काय मिळन?"

बस यायला वेळ होता. मी एका पाठकोऱ्या कागदावर, एकीखाली एक, दोन आडव्या रेघा काढल्या. वरच्या रेघेच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं काढली. खालच्या रेघेच्या टोकांना बाहेर उघडणारी बेचकी काढली. तुम्हीही पाटीवर नाही तर अंगणातल्या धुळीत काढून पाहा. "लांब कोणती?" मी विचारलं. "खालची," ते लगेच म्हणाले. मग काडीनं मोजायला सांगितलं. दोन्ही सारख्या भरल्या. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि हसून म्हणाले, "मोजली तरी खालचीच लांब दिसते की!"

श्रोतेहो, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याला बहुधा याच रेघांपासून सुरुवात करावी लागते. म्युलर-लायर नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८८९ साली त्या प्रसिद्ध केल्या. डोळा फसतो, आणि फसला हे कळल्यावरही फसतच राहतो. मग माणसांविषयी आपण जे झटकन ठरवून टाकतो, हा पोरगा ढ आहे, ती सून घुमी आहे, तो आताशा आळशी झाला, त्याला आपण काडी कधी लावली? ती काडी कशी करायची आणि कशी लावायची, हे शिकवणारं शास्त्र म्हणजे मानसशास्त्र. वेड ही त्यातली एक खोली आहे, सबंध घर नव्हे.

हे शास्त्र फार जुनं नाही. जर्मनीत लाइपझिग इथं वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९५० साली तो आला. आपला जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो.

आता ऑनर्स म्हणजे काय ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष त्याच मुख्य विषयात केलं, तर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. अभ्यासात मेंदू आणि मज्जासंस्था येते, शिकणं आणि स्मरण येतं, बालकाची वाढ, समाजात माणूस कसा वागतो ते, मनाचे आजार, मानसिक चाचण्या, आणि संख्याशास्त्र येतं. हे शेवटचं नाव ऐकून पुष्कळ मुलं दचकतात. गणित नको म्हणून मानसशास्त्र घेणाऱ्यानं आधीच सावध व्हावं. दहा जणांच्या चुका मोजायच्या, सरासरी काढायची, हा फरक खरा की योगायोगाचा ते पडताळायचं, यावाचून इथं एक पाऊल पुढं जाता येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक उदाहरण देतो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ साली छापले. पाठ केलेलं पुन्हा शिकताना किती श्रम वाचतात, ते त्यानं मोजलं. तासाभरानं ४४ टक्के वाचत, एका दिवसानं सुमारे ३४, आणि महिन्यानं २१. म्हणजे विसरणं सुरुवातीला धो धो होतं, मग मंदावतं. याचा अर्थ वर्गात सरळ आहे. धडा एकदा दोन तास घोकून घेण्यापेक्षा आज, परवा, आठवड्यानं असा थोडा थोडा विचारावा. पोरगं विसरलं म्हणून ते ढ ठरत नाही. विसरणं हा मनाचा धर्मच आहे. डी.एड., बी.एड. करणाऱ्याला हे दोन ओळींत सांगतात; ऑनर्सचा विद्यार्थी ते स्वतः करून पाहतो.

पण मला आज खरं सांगायचं आहे ते पुढं आहे. त्या दोन रेघा जगात सगळीकडे सारख्या फसवत नाहीत. १९६६ साली सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी निरनिराळ्या देशांतल्या लोकांवर केलेली तपासणी प्रसिद्ध केली. काही समाजांत फसगत पुष्कळ, काहींत फारच थोडी आढळली. पुस्तकातलं मन बहुतेक वेळा परदेशातल्या कॉलेजच्या मुलांचं असतं. ते मालेगावच्या शेतमजुराला, मानोऱ्याच्या तांड्यावरच्या आजीला लागू पडतं का? हे कोणीतरी येऊन पाहिलं पाहिजे, आणि तिथली बोली जाणणाऱ्यानं पाहिलं तर फार बरं.

साधी गोष्ट घ्या. छापील प्रश्नावलीत विचारतात, "आपणांस उदास वाटते काय?" आपल्याकडचा माणूस म्हणेल, नाही. तोच माणूस घरी म्हणत असतो, "करमत नाही, जेवणावर वासना नाही, डोकं जड जड वाटते." प्रश्नाचा शब्द चुकला, तर दुःख मोजलंच जात नाही. चौथ्या वर्षाच्या संशोधनाला विषय कोणता घ्यावा, असं विचारणाऱ्याला मी म्हणेन, आपल्या गावाचे शब्द गोळा कर. मात्र ज्याला विचारायचं त्याची स्वतःची संमती घ्यावी. सरपंचाची परवानगी पुरत नाही. तो नको म्हणाला, तर वही मिटावी. आणि ऐकलेलं कोणाच्या नावानिशी पारावर बोलू नये.

हे एवढ्या आग्रहानं का सांगतो? २००६ साली केंद्र सरकारनं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली. त्या सहांत वाशीम होता. पुढं २०१५ साली राज्य सरकारनं चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही वाशीम आहे. कर्ज, पाऊस आणि भाव यांची उत्तरं मानसशास्त्राकडे नाहीत, हे कबूल करू. पण खचलेल्या माणसापर्यंत वेळेवर पोचता येतं, याचा पुरावा शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आणि समुपदेशकांनी घरोघर जाऊन लोकांशी बोलणं केलं, गरज पडली तर डॉक्टरांकडे धाडलं. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. नैराश्याच्या आजारानं ग्रासलेल्या दर शंभरांपैकी आधी जेमतेम चार जण मदत घेत होते. नंतर सत्तावीस जण घेऊ लागले. अजून त्र्याहत्तर उरतात, हेही ध्यानात ठेवा.

एक इशाराही देतो. ऑनर्स झालेला विद्यार्थी मनाचा डॉक्टर होत नाही. औषध देणारे मनोविकारतज्ज्ञ आधी वैद्यकाची पदवी घेतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं, तर पुढचं मान्य शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं शेजाऱ्याला आजाराचं नाव चिकटवू नये. त्यानं नीट ऐकावं आणि योग्य ठिकाणी न्यावं. तुमच्या घरी कोणाचं मन खचलं असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर केव्हाही फोन करा; पैसे पडत नाहीत.

त्या शेतकऱ्यांना मी शेवटी एवढंच म्हटलं, की पोरीला घेऊ द्या, पण प्रवेशाआधी कॉलेजात तीन गोष्टी विचारा. चौथं वर्ष त्या विषयात इथं होतं का? प्रयोगशाळा आहे का, आणि प्रयोग मुलं स्वतःच्या हातानं करतात का? शिकवणारा कायम असतो का? आणि पोरीला विचारा, ऐकून घेण्याचा धीर तुझ्यात आहे का. बस लागली. तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. म्हणाले, "घरी जाऊन तिलेच विचारतो, कोणती रेघ लांब हाय."