पाळण्यातले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने दोन शब्द बोलावेत, हा आपल्या मंडळाचा रिवाज. यंदा ती पाळी माझी आली. विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. गेले पंधरा-वीस दिवस आपल्या गल्लीत दुसरा विषयच नाही. आपल्या एका भगिनीच्या सुनेला मुलगी झाली आणि तिचे नाव 'तियारे' ठेवायचे असे सुनेने ठरवले. सासूबाई म्हणतात, "असले नाव मी पाळण्यात घालू देणार नाही." सून म्हणते, "मग बारसेच नको." बारावा दिवस गेला, पाळणा माळ्यावरून खाली आला, पण अजून रिकामाच आहे. दोघींनी 'तुम्ही बोला' असे सांगितले, म्हणून बोलते.

आधी हे नाव कोठले ते पाहू. प्रशांत महासागरात ताहिती नावाचे बेट आहे. तेथल्या भाषेत तियारे म्हणजे फूल. आणि विशेषकरून एक पांढरे, सुवासिक फूल, जे तेथल्या बायका कानामागे खोवतात. हे फूल आपल्या परसातल्या अनंताचे अगदी जवळचे नातलग आहे. आपण अनंत अंबाड्यात माळतो, त्या कानामागे खोवतात, एवढाच फरक! त्या भाषेत प्रत्येक अक्षर स्वरात संपते, त्यामुळे ती नावे आपल्या जिभेलाही जड जात नाहीत. तियारे म्हणायला 'ज्ञानेश्वरी'पेक्षा सोपे आहे, हे मी स्वतः दहा वेळा म्हणून पाहिले.

परंतु खरा प्रश्न उच्चाराचा नाही. "आपल्यात असली नावे ठेवतात का?" हा आहे. यावर मला आपल्याच सोलापूरची एक गोष्ट आठवते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली येथे जन्मले. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घरी आज स्मारक आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. युद्धाच्या धामधुमीत जखमींची सेवा करता करता त्यांनी तेथल्याच परिचर्याशास्त्र शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले 'यिन्हुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्यानंतर चार महिनेही झाले नाहीत तोच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर वारले. वय अवघे बत्तीस. मुलाला वडील आठवण्याचा प्रश्नच नव्हता. पण वडिलांचा देश त्याच्या नावात होता. त्याला कोणीही हाक मारली की दोन्ही देशांची नावे एकदम घेतली जात. पुढे १९६७ साली, वैद्यकीचे शिक्षण घेत असताना, तोही गेला. ऐन तारुण्यात.

सोलापूरच्या मुलाने आपल्या मुलाचे नाव चिनी ठेवले, म्हणून त्याला परके कोण म्हणेल? त्या नावामागे कारण होते, आणि ते कारण मुलाला ताठ मानेने सांगता येण्यासारखे होते.

आता दुसरी बाजू पाहा. नाव अस्सल मराठी, अर्थ शेंबड्या पोरालाही समजेल असा: 'नकुशी'. घरात मुलीवर मुली झाल्या की ही 'नको असलेली' म्हणून ठेवलेले नाव. २०११ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात अशा २८०हून अधिक मुली सापडल्या आणि समारंभपूर्वक त्यांची नावे बदलण्यात आली. त्यांतल्या कित्येकींनी म्हणे आपले नाव स्वतःच निवडले. विचार करा, शाळेत हजेरी घेताना रोज 'नको आहेस' असे ऐकायचे आणि त्याला 'हजर' म्हणायचे! तेथे नाव आपलेच होते, भाषा आपलीच होती. सांगता येईल असे कारण मात्र नव्हते.

म्हणून मैत्रिणींनो, नाव देशी की विदेशी, हा वाद मला फोल वाटतो. मुलगी आठ-दहा वर्षांची होऊन "आई, माझे हे नाव का ठेवले?" असे विचारील, तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देता यावे, एवढेच पाहावे.

आता चार शब्द सुनांना. मोबाईलवर नावांच्या याद्या मिळतात, त्यांतल्या अर्थांवर एकदम विश्वास ठेवू नका. एकाच नावाचा अर्थ एकीकडे 'चंद्रकिरण' आणि दुसरीकडे 'देवाची देणगी' असा मी वाचला आहे. दोन-तीन ठिकाणी पडताळा घ्या. दुसरे म्हणजे, आपले गाव चार भाषांचे. एका भिंतीपलीकडे कन्नड, दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू, समोर उर्दू. नाव ठरवण्याआधी या सगळ्या शेजारणींना मोठ्याने म्हणून दाखवा. त्याच ताहितीकडे 'हिना' ही दंतकथांतली चंद्राशी नाते असलेली देवी. समोरच्या खालाजानना हिना म्हणजे मेंदी. पण आपल्या कानाला 'हीन' ऐकू आले, तर वर्गातली पोरे पोरीला छळून सोडतील. तिसरे, घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव न घालताही ती होते. नोंद झाल्यापासून एक वर्षापर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. मात्र एकदा घातले की मराठीत आणि इंग्रजीत त्याची अक्षरे सगळ्या कागदांवर एकसारखीच ठेवा. नाहीतर पुढे आयुष्यभर प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते.

आणि चार शब्द आम्हा सासवांना. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. सरकारदरबारी जिला जागा मिळाली, तिला पाळण्यापाशी आपण मागे सारायचे का? सुनेला फूल आवडले, म्हणून तिने फुलाचे नाव काढले. जाई, जुई, शेवंती ही नावे आपण ठेवली, तेव्हा आपल्याकडे याहून मोठे कारण कोणते होते? सिद्धेश्वराच्या या गावात घरोघर सिद्राम आणि सिद्धाराम आहेत, पूर्व भागात मार्कंडेय आणि व्यंकटेश आहेत. ती नावे कोठे पळून जात नाहीत. जन्मनक्षत्राचे नाव पाळण्यात वेगळे घेण्याची वाट तर आपल्या रीतीतच आहे. ते आजीने ठेवावे, दाखल्यावरचे आईने ठेवावे.

अडून बसण्याने नुकसान एकाच व्यक्तीचे होते. ती तीन आठवड्यांची आहे आणि आज तिला सगळे 'बाळ' म्हणतात. आत्या पुण्याहून दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा येईल तेव्हा तिला कानात 'कुर्र' करायला नाव मिळू द्या. घुगऱ्या शिजवायला मंडळातल्या आम्ही सगळ्याजणी येऊ.