उपकाराची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. आम्हां बेने इस्रायल लोकांत कृतज्ञता कशाला म्हणतात, तेवढेच सांगते.

आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्यापासून चालत आलेला मलिदा तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी खाल्ला असेल. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे आणि फळे. नवस फेडताना, लग्नकार्यात, माणूस दुखण्यातून उठला म्हणजे एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन तो वाटतात.

आम्ही बायका सकाळी जाग येताच जी प्रार्थना म्हणतो, तिचा पहिला शब्द 'मोदा'. हिब्रूत त्याच धातूचे दोन अर्थ आहेत: आभार मानणे आणि कबूल करणे. म्हणजे आभार मानायचे तर आधी कबूल करावे लागते, की हे माझ्या एकटीच्याने झाले नसते.

मोशेची गोष्ट पाहा. नाईल नदीच्या पाण्यावर काठी मारायची होती, ती त्याने मारली नाही, भाऊ अहरोनने मारली. आमचे धर्मपंडित सांगतात, तान्हेपणी त्या नदीने मोशेला सांभाळले होते. पाण्याचासुद्धा उपकार ओळखायचा, मग माणसाचा किती?

आपल्याकडे म्हणतात, "घरच्यांचे आभार कसले? परके करता काय?" बोलणे मायेचे आहे. पण त्यामुळे जन्मभर भाकरी थापणाऱ्या बाईला एक शब्द मिळत नाही.

आमचे यजमान तीन महिने अंथरुणाला होते. शेजारच्या सिंधी बहिणीने रोज रात्रीचा डबा पुरवला. ते बरे झाल्यावर मलिदा केला. देवाचे आभार मानणे सोपे गेले. तिच्या दारात उभे राहून "तुमच्यामुळे निभावले" म्हणताना मात्र जीभ जड झाली. तरी म्हटले. तिने ताट घेतले आणि मला आत बसवले. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींकडे हक्काने मागतो.

बारवी धरणाचे पाणी आपल्या भागाला मिळते. त्यासाठी कुणाची तरी शेते पाण्याखाली गेली. हा हॉल आज सकाळी कुणीतरी झाडला. घरी जाताना त्या बाईंना नाव घेऊन दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.