हट्ट्याहून दूरच्या संगणकावर अखंड काम



हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशा वेधशाळेचे काम केवळ वेध घेऊन संपत नाही. मिळालेल्या नोंदी तपासण्याचे गणित मोठ्या संगणकांवर तासन्‌तास चालते आणि ते चालविणारा अभ्यासक बहुधा दुसऱ्याच गावी असतो. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील ‘सारथी’ हा संगणकसमूह या कार्यासाठी वापरला जातो. त्याच्यापुढे खुर्ची टाकून कोणी बसत नाही.

उद्या हट्ट्यातील एखादी विद्यार्थिनी घरून पुण्याच्या संगणकावर काम करू लागली, तर तिची पहिली अडचण गणिताची नसेल. वीज जाण्याची आणि जोडणी तुटण्याची असेल. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणारी ‘एसएसएच’ ही पद्धत फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ साली सिद्ध केली. परंतु जोडणी तुटताच त्या पडद्यावरून सुरू केलेले कामही सामान्यतः बंद पडते. यामागे जुना इतिहास आहे. पूर्वी दूरचे संगणक दूरध्वनीच्या तारेने जोडले जात. तार तुटली म्हणजे समोरच्याने फोन ठेवला, असे मानून संगणक त्याची कामे आवरून घेई. त्या इशाऱ्याचे ‘हँग अप’ हे नाव आजही कायम आहे. त्या काळी संगणकाचा क्षणन्‌क्षण महाग असल्याने हा नियम रास्तच होता. आज मात्र पाच तासांचे काम चौथ्या तासाला वाया जाते.

यावर उपाय म्हणून बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी १९८७ साली ‘स्क्रीन’ हा प्रोग्रॅम तयार केला. निकोलस मॅरियट यांचा ‘टीमक्स’ २००७ साली आला. दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांची युक्ती साधी आहे. काम आपल्या पडद्याला न बांधता दूरच्या संगणकावरच चालणाऱ्या एका मध्यस्थाकडे सोपविले जाते. आपला पडदा ही केवळ त्या कामाकडे पाहण्याची खिडकी होय. खिडकी मिटली तरी आतील काम चालू राहते. ‘टीमक्स’मध्ये कंट्रोल व ‘बी’ या कळा एकत्र दाबून सोडल्या आणि मग ‘डी’ दाबला की आपण बाहेर पडतो; पुन्हा जोडून ‘टीमक्स अटॅच’ ही आज्ञा दिली की पडदा जसाच्या तसा समोर येतो. वीज अचानक गेली, तर बाहेर पडण्याची कळ दाबण्याचीही गरज नसते.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने यातील मोठी सोय अशी की, ये-जा होते ती केवळ अक्षरांची. चित्रे आणि चलत्‌चित्रे यांच्या तुलनेत हा भार नगण्य असल्याने मोबाइलची मंद जोडणीही पुरते. शिक्षकांनाही याचा उपयोग आहे. गुरू आणि शिष्य एकाच खात्यातून एकाच सत्रात शिरले, तर दोघांनाही तोच पडदा दिसतो आणि चुकलेली आज्ञा तेथल्या तेथे दुरुस्त करता येते.

मात्र या साधनावर भलता भरवसा ठेवू नये. दूरचा संगणकच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर त्यावरील सत्रही नाहीसे होते. म्हणून लांबलचक गणिताचे मधले निष्कर्ष फाइलमध्ये साठवीत जाणे इष्ट. मोठ्या संगणकसमूहाच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या संगणकावर अवजड गणित चालविणे तर सर्वथा गैर आहे. तेथे अनेकांची कामे रांगेत लावण्याची स्वतंत्र व्यवस्था असते व ती पाळावीच लागते. तसेच उघडे राहिलेले सत्र म्हणजे उघडे राहिलेले दप्तर. ज्याच्या हाती खात्याची किल्ली पडेल, त्याला आतील सर्व काही दिसते. कचेरीतील सामायिक संगणकावरून हे काम करणाऱ्यांनी ‘टीमक्स’मधून बाहेर पडल्यावर ‘एसएसएच’ची जोडणीही बंद करावी, आणि काम संपलेली सत्रे ‘टीमक्स’च्या यादीत पाहून एकेक करून मिटवावीत.