शटरचं विमान

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं होतं. पण आज सकाळी शाळेच्या फाटकातून आत आले, लिंबाला टांगलेला तो रुळाचा तुकडा दिसला, आणि विषय बदलला. संयोजकांची क्षमा मागते. मी बोलणार आहे एका जुन्या बॉम्बफेकी विमानाबद्दल आणि आपल्या शिपाईमामांबद्दल.

मामा सगळ्यांना आठवत असतील. खाकी कपडे, इस्त्री कडक, आणि घंटेला एक सेकंद इकडेतिकडे नाही. जेवणाच्या सुट्टीत ते पाण्याच्या टाकीजवळ बसायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, "आपून पुण्याला होतो, लोहगावला. हवाई दलात. चार इंजिनांचं विमान होतं आपल्याकडं. त्याच्या पोटाची दारं उघडत नव्हती, दुकानाच्या शटरसारखी वर सरकायची."

आपण हसायचो. शटर असतं ते गांधी पार्कातल्या दुकानांना, विमानाला कुठं असतं! वर्गात मामांचं नाव पडलं होतं "शटरमामा".

आता एक कबुली देते. आठवीत असताना मी एकदा फळ्यावर विमानाचं चित्र काढलं. पोटाला शटर, शटरला भलंमोठं कुलूप, आणि वर पाटी, "मामा किराणा स्टोअर्स". वर्ग खदखदून हसला. तेवढ्यात मामाच सूचनावही घेऊन आत आले. पाठोपाठ सर आले. सरांनी काही न बघता सांगितलं, "मामा, फळा पुसा." मामांनी डस्टर घेतलं, चित्राकडं नीट पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "कुलूप नसतंय त्याला." मग फळा पुसला आणि निघून गेले.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी तीन महिने लंडनला होते. एका रविवारी काही करायला नव्हतं म्हणून हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये गेले. एका मोठ्या दालनात चार इंजिनांचं एक विमान उभं होतं. नाव लिबरेटर, बी-२४. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख ११० फूट. मी वाकून त्याच्या पोटाखाली पाहिलं. बॉम्ब ठेवण्याच्या जागेची दारं पन्हाळी पत्र्याची होती आणि ती खाली उघडणारी नव्हती. बाजूच्या खाचेतून वर सरकणारी होती. अगदी दुकानाच्या शटरसारखी. कुलूप नव्हतं.

मी तिथं किती वेळ उभी होते मला सांगता येत नाही. मग माहितीफलक वाचला. हे विमान १९७४ साली भारतीय हवाई दलाने ब्रिटनला भेट दिलं होतं. ते तिथवर उडत गेलं होतं.

ते भारताकडं कसं आलं, हे मी नंतर वाचून काढलं, आणि इंजिनिअर म्हणून मला त्याचं वेड लागलं. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं अमेरिकेनं ब्रिटनला उसनवारीच्या करारावर दिली होती. युद्ध संपल्यावर करारानुसार ती परत तरी करायची, नाहीतर वापरण्याजोगी ठेवायची नाहीत. भारतातली बरीच लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर आणून ठेवली होती. ती मोडण्याचा हुकूम आला. कुणावर बुलडोझर घातला, कुणाच्या इंजिनात वाळू ओतली, कुणाचा पत्रा फोडला. मग ब्रिटिश निघून गेले आणि हे भंगार उन्हापावसात पडून राहिलं.

१९४८ साली भारताला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं हवी होती. विकत घ्यायला ना पैसा होता ना कुणी सहज देणारं. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीला विचारलं गेलं की कानपूरच्या भंगाराचं काही होईल का? ही कंपनी १९४० साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं काढलेली. युद्धात तिथं अमेरिकन विमानांची दुरुस्ती झाली होती, त्यामुळं हात तयार होते. कंपनीची माणसं कानपूरला गेली. एकाचा भाग दुसऱ्याला लावत, ठिगळं मारत, एकेक विमान फक्त एका उड्डाणापुरतं तयार करायचं. मग कंपनीचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी ते उडवत बंगळूरला न्यायचे. अर्ध्या देशावरून, अशा विमानातून. बंगळूरला ते पूर्ण उघडून नव्यानं बांधलं जायचं. अशी चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर हवाई दलाचं ५ क्रमांकाचं स्क्वॉड्रन उभं राहिलं, आणि १९५१ साली ६ क्रमांकाचं, समुद्रावर टेहळणी करणारं. हे दुसरं होतं पुण्याला, लोहगावला.

आपल्याकडं म्हण आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." त्या लोकांनी कानपूरला 'बनी तो बनी' एवढंच धरलं होतं. 'नहीं तो' ठेवलंच नव्हतं.

माझ्या धंद्यात आम्हाला असं काम नेहमी पडतं. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली प्रणाली असते, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, कागदपत्रं नसतात, आणि बँकेचा सगळा व्यवहार त्यावर चालू असतो. नवीन मुलं आली की म्हणतात, "मॅडम, हे फेकून नवीन लिहू." मी त्यांना आधी एकच काम देते. यातलं काय अजून नीट चालतं, त्याची यादी करा. कानपूरच्या माणसांनी हेच केलं असणार. काय मोडलंय हे तर लांबूनही दिसत होतं. काय शाबूत आहे, हे जवळ जाऊन हात लावल्याशिवाय कळत नाही.

आता गंमत ऐका. लिबरेटर अठरा हजारांहून जास्त बनली होती. अमेरिकेनं दुसरं कुठलंही लष्करी विमान इतक्या संख्येनं बनवलं नाही. युद्ध संपताच बहुतेक वितळवून ॲल्युमिनियम केलं गेलं. आज जगात पूर्ण स्वरूपातली मोजकीच उरली आहेत, आणि त्यातली बरीचशी भारतातून गेलेली आहेत. लंडनचं मी सांगितलंच. कॅनडात ओटावाला एक आहे. त्याच्या बदल्यात कॅनडानं आपल्याला लायसँडर नावाचं विमान दिलं, ते दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे, आणि शेजारी आपलं स्वतःचं लिबरेटरही. अमेरिकेत टक्सनला एक आहे. आणखी एक अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं मिळवून हजारो तास खपून दुरुस्त केलं आणि १९८९ साली पुन्हा उडवलं. ते गावोगाव फिरायचं. तेव्हा युद्धात लढलेले म्हातारे वैमानिक, तोफची काठी टेकत यायचे आणि त्याला हात लावून उभे राहायचे.

ही विमानं वाचली कशामुळे? जगानं ती मोडीत काढली तेव्हा भारत ती वापरत होता, १९६८ पर्यंत. आणि वीस वर्षं वापरणं म्हणजे रोज सकाळी कुणीतरी तेल तपासणं, सैल रिव्हेट बदलणं, पन्हाळी दारांच्या खाचा साफ करणं. लोहगावला ते काम करणाऱ्यांपैकी एकजण नंतर आपल्या शाळेत घंटा देत होता.

त्याच संग्रहालयात मी आणखी एक विमान पाहिलं. ते पहिल्या महायुद्धातलं, लाकडाचं आणि वर कापड ताणलेलं, दोघांनी बसायचं, डी.एच.९ए. त्याच्या अंगावर इंग्रजीत लिहिलं होतं, की हे हैदराबादच्या निजामाकडून भेट, हैदराबाद क्रमांक १२ अ. १९१८ साली निजामानं ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला विमानं दिली होती आणि म्हणून त्या तुकडीच्या नावात 'हैदराबाद' लागलं. तेव्हा आपली परभणी निजामाच्या राज्यात होती. माझे पणजोबा गंगाखेडच्या बाजूला शेतसारा भरत होते. निजामाची श्रीमंती ज्या साऱ्यावर उभी होती, त्यात त्यांच्या ज्वारीचा आणि कापसाचा थोडा वाटा होताच. त्यांना जर्मनी कुठं आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

ते विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीवरच्या मोहिमेत खाली उतरवावं लागलं. कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली हे दोघं युद्धकैदी झाले. जर्मनांनी विमान बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तिथली विमानं पोलंडकडं हलवली. शेवटी १९७७ साली ब्रिटननं पोलंडला एक स्पिटफायर देऊन बदल्यात हे परत घेतलं, आणि काही वर्षं खपून नीट केलं.

मी हे विमान बघून अभिमान वाटला असं म्हणणार नाही. ज्यांच्यावर त्या तुकडीनं बॉम्ब टाकले तीही माणसंच होती. लाजही वाटली नाही. मला फक्त हिशेब दिसला. विमानावर देणाऱ्या राजाचं नाव आहे. उडवणाऱ्या दोघांची नावं नोंदीत आहेत. ज्यानं लाकूड तासलं, ज्यानं कापड शिवलं, ज्यानं सारा भरला, त्यांची नावं कुठंच नाहीत. लिबरेटरचंही तसंच. कॅप्टन मुन्शींचं नाव निदान पुस्तकात आहे. रिव्हेट ठोकणाऱ्यांचं नाही.

परत आल्यावर मी परभणीला आले आणि मामांचा पत्ता शोधला. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. दहा वर्षं ज्या माणसाच्या घंटेवर आपण उठलो-बसलो, त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ऑफिसातल्या जुन्या हजेरीपटातून आपल्या बाईंनी ते शोधून दिलं.

मामा तोवर गेले होते. सूनबाईंनी चहा दिला आणि एका पत्र्याच्या पेटीतून हवाई दलाची सेवापुस्तिका काढून दाखवली. हुद्दा, फिटर. ठिकाण, पुणे. पंधरा वर्षं. मी त्यांना फळ्यावरच्या चित्राची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आम्हाला पण ते सांगायचे शटरचं. आम्हाला पण नाही पटलं कधी." मी मोबाइलमधला लंडनचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी नातवाला हाक मारली, "ये रे, आजोबांचं विमान बघ."

मित्रांनो, माझी माफी मागायची वेळ निघून गेली. पण एक काम करता येईल. २०१८ साली हवाई दलात एक जुनं डकोटा विमान पुन्हा दाखल झालं. एका मुलानं ते परदेशात भंगारातून घेऊन, दुरुस्त करून, डकोटाचेच वैमानिक राहिलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ हवाई दलाला भेट दिलं. आपल्या कुणाची ती ऐपत नाही. आपण विमान नाही उभं करू शकत. पण विमानासोबतची आठवण उभी करायला वही आणि पेन पुरतं.

आपल्या जिल्ह्यात गावोगाव माजी सैनिक आहेत. कुणी बँकेच्या दारात बसलेत, कुणी पूर्णेला शेती बघतात, कुणी आपल्याच घरात आजोबा म्हणून एका खोलीत आहेत आणि तीच गोष्ट विसाव्यांदा सांगतायत. दरवर्षी ७ डिसेंबरला आपण शाळेत ध्वजदिनाचे छोटे झेंडे विकायचो. मामासुद्धा आपल्याकडून विकत घ्यायचे आणि खिशाला लावायचे. त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही की ज्याच्यासाठी झेंडा विकतोय तोच समोर उभा आहे.

म्हणून माझी विनंती. या ७ डिसेंबरपर्यंत प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या एका माजी सैनिकाला भेटावं. कुठल्या तुकडीत होता, काय काम करत होता, कुठलं यंत्र, कुठली हत्यारं हाताखालून गेली, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. पराक्रमच विचारू नका. स्वयंपाक केला असेल तर किती माणसांचा केला ते विचारा. गाडी चालवली असेल तर कुठल्या घाटात ते विचारा. आणि एखादी गोष्ट खोटी वाटली तर हसू नका, लिहून ठेवा. ती खरी ठरायला तीस वर्षं लागू शकतात.

सगळ्या नोंदी एकत्र करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. टंकलेखन आणि डिजिटल प्रत माझ्याकडं लागली.

वही बाहेर, नाश्त्याच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. पहिल्या पानावर मामांचं पूर्ण नाव मी लिहिलं आहे. चहा घ्यायला जाल तेव्हा वाचा, आणि दुसऱ्या पानापासून पुढं तुम्ही लिहा.